नदीकाठचा व रानातला मुक्काम : आधी जागा, मग खोली

पावसाळा ओसरून थंडीची चाहूल लागली, की शहरवासीयांना नदीकाठ आणि रानवाटा खुणावू लागतात. कोलाडच्या कुंडलिकेपासून मेळघाटातील सिपनेपर्यंत आणि भंडारदऱ्याच्या जलाशयापासून ताडोबाच्या प्रवेशद्वारांपर्यंत राज्यात आज मुक्कामाच्या शेकडो जागा आहेत. एके काळी अशा ठिकाणी वन खात्याचे विश्रामगृह किंवा पाटबंधारे खात्याचा डाक बंगला एवढाच आसरा असे. आता तंबू, बांबूच्या कुट्या, लाकडी कॉटेज, कौलारू घरे असे नाना पर्याय उपलब्ध झाले आहेत.

निवड करताना मात्र बहुतेक कुटुंबे तीनच गोष्टी पाहतात: खोलीची छायाचित्रे, भाडे आणि जेवणाचा बेत. गादी, पंखा, गरम पाणी यांची चौकशी करणे योग्यच; तथापि नदीकाठच्या आणि वनातील मुक्कामात सुख व धोका या दोहोंचे मूळ खोलीबाहेरच्या जमिनीत असते. पाणी कोठवर चढते, मागचा डोंगर किती उभा आहे, रात्री शौचालयापर्यंत किती चालावे लागते आणि दवाखाना किती दूर आहे, यांवर मुक्काम कसा होणार हे ठरते. म्हणून आधी जागा आणि मग खोली, हा क्रम पाळणे हिताचे.

पाणी कोठवर येते?

नदीला अगदी लागून असलेली कुटी जाहिरातीत सर्वांत देखणी दिसते. प्रत्यक्षात पाण्यापासून थोडी दूर आणि उंचावर असलेली कुटी अधिक चांगली. जलसंपदा विभाग नद्यांच्या काठी दोन पूररेषा निश्चित करतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, ती निळी पूररेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल पूररेषा. नदीपात्र आणि निळी रेषा यांमधील पट्टा बांधकामासाठी निषिद्ध मानला जातो, तर निळ्या व लाल रेषेमधील पट्ट्यात बांधकामावर निर्बंध असतात. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ मागचा पूर नुकताच येऊन गेला असल्यास पुढील २५ वर्षे निर्धास्त, असा नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता चार टक्के असते, असा त्याचा अर्थ आहे.

सर्वच नद्यांवर ही आखणी झालेली नाही. अशा ठिकाणी जमीनच साक्ष देते. काठावरील जांभूळ, करंज, उंबर यांच्या फांद्यांत अडकलेले वाळके गवत, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसल्या, तर पाणी त्या उंचीपर्यंत येऊन गेले आहे, हे निश्चित. कुटीच्या अंगणात गुळगुळीत गोटे किंवा नदीची वाळू असणे हीही तशीच खूण आहे. याहून सोपा उपाय म्हणजे गावातील वडीलधाऱ्या माणसाला विचारणे. २६ जुलै २००५ किंवा २२ जुलै २०२१ या दिवशी पाणी कोठवर आले होते, असा नेमका प्रश्न रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात केला, तर बहुधा बोट दाखवूनच उत्तर मिळते.

पावसाविना चढणारी नदी

नदी फक्त पावसाळ्यातच चढते, हा समज धरणांच्या खालच्या बाजूला खरा ठरत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरील कोलाडजवळची कुंडलिका हे त्याचे उत्तम उदाहरण. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिरा येथील टाटा वीजकेंद्रात उतरते आणि वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत सोडले जाते. पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारे हे पाणी अशा रीतीने पश्चिमेकडे वळते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. कोलाडच्या नौकानयनाचा खेळ याच पाण्यावर चालतो. म्हणूनच कोकणातील अन्य लहान नद्या हिवाळ्यात रोडावत असताना कुंडलिकेत तराफ्याजोगा प्रवाह मिळतो.

या सोयीची दुसरी बाजू अशी, की वीजनिर्मिती सुरू होताच पात्रातील पाणी वाढते. पहाटे उघडा दिसणारा खडक काही वेळाने पाण्याखाली असतो. त्यामुळे कुंडलिकेकाठी, किंवा दांडेलीजवळ काळी नदीसारख्या धरणाखालील अन्य नदीकाठी मुक्काम करताना पाणी साधारण कोणत्या वेळी सोडतात आणि त्याची सूचना पाहुण्यांना कशी दिली जाते, हे यजमानाला विचारावे. ज्या यजमानाकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याच्याकडे लहान मुलांना घेऊन जाऊ नये.

पावसाळ्यात धरणांतील विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक विसर्ग याचा अर्थ सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला रिते होणे. हा हिशेब ध्यानात असला, की नदीकाठच्या गावांना दिल्या जाणाऱ्या सतर्कतेच्या इशाऱ्याचे गांभीर्य कळते.

छायाचित्रातील जलाशय

पवना, भंडारदरा, कोयनेचे तापोळा-बामणोली ही ठिकाणे नदीकाठची म्हणून ओळखली जात असली, तरी तेथील मुक्काम वस्तुतः धरणाच्या फुगवट्याच्या काठी असतो. जलाशयाचा काठ स्थिर नसतो. पावसाळ्याअखेर तो तुडुंब भरतो आणि सिंचन, वीज व पिण्याच्या पाण्यासाठी उपसा होत मे महिन्यापर्यंत खाली जातो. ऑक्टोबरात दारातून दिसणारे पाणी उन्हाळ्यात दूरवर गेलेले असते आणि मधली जमीन भेगाळलेला गाळ किंवा गाळपेरीची शेते व्यापतात. त्यामुळे जाहिरातीतील छायाचित्र कोणत्या महिन्यातील आहे, हे विचारणे अगत्याचे. शक्य झाल्यास ज्या महिन्यात जावयाचे, त्याच महिन्यातील छायाचित्र मागावे.

पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर तंबू ठोकण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. ही जमीन सामान्यतः जलसंपदा विभागाच्या ताब्यातील असते. शिवाय जलाशयाचा तळ एकसारखा उतरत नाही. बुडालेले बांध, विहिरी, झाडांचे बुंधे आणि मऊ गाळ पाण्याखाली दडलेले असतात. पट्टीचे पोहणारेही येथे फसतात. तंबूच्या भाड्यात पोहण्याची मौज समाविष्ट आहे, असे सांगणाऱ्या यजमानाकडे जीवरक्षक जाकिटे आणि प्रशिक्षित माणूस आहे काय, याची खातरजमा करावी.

मागचा डोंगर

वर्षासहलीसाठी सह्याद्रीत मुक्काम करणाऱ्यांनी नदीइतकेच लक्ष डोंगराकडे द्यावयास हवे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेवर माणसे दगावली. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री अशाच दुर्घटना घडल्या. अतिवृष्टी आणि उभ्या उताराखालची वस्ती, ही या तिन्ही ठिकाणी समान असलेली बाब होती.

कुटी उभारण्यासाठी डोंगर कापून सपाट जागा केलेली असेल, मागे दगडी आधारभिंत नसेल, उतारावरची झाडे वाकलेली असतील किंवा जमिनीत ताज्या भेगा दिसत असतील, तर पावसाळ्यात ती जागा टाळावी. ओढ्याच्या मुखाशी असलेली सपाटी दिसावयास निवांत असते. परंतु ती बहुधा ओढ्यानेच आणलेल्या दगडमातीची बनलेली असते आणि ओढा पुन्हा त्याच वाटेने येऊ शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यानजीक भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. डोंगरमाथ्यावरील पाऊस खालच्या ओहोळात किती वेगाने उतरतो, याची ती दुःखद साक्ष आहे.

निघण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा पाहणे इष्ट. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस ही ‘अत्यंत जोरदार’ वृष्टी समजली जाते आणि अशी शक्यता दाट असल्यास लाल इशारा दिला जातो. अशा दिवशी मुक्काम पुढे ढकलणे, हाच शहाणपणाचा मार्ग.

वनातील मुक्काम

मेळघाटात सिपना नदीच्या काठी सेमाडोह आणि कोलकास ही वन विभागाची दोन जुनी मुक्कामाची ठिकाणे आहेत. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. कोलकासचे विश्रामगृह नदीच्या वळणावर उंचावर आहे. व्हरांड्यातून खालचे पात्र दिसते. पण पात्रातील पाणी व्हरांड्यात येत नाही. जुन्या काळच्या अधिकाऱ्यांनी विश्रामगृहांसाठी हेरलेल्या अशा जागा आजही अभ्यासण्याजोग्या आहेत. उंच काठ, खोल व्हरांडा, जाड भिंती आणि कौलारू छप्पर हे त्यांचे गुण आधुनिक कॉटेजमध्ये अभावानेच आढळतात.

वनातील मुक्कामाचे नियम २०१२ नंतर बदलले. त्या वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम मनाई केली आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यानंतर ती उठविली. या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटनास मुभा आहे आणि तेथे पर्यटनासाठी नवी बांधकामे करता येत नाहीत. म्हणून ‘गाभा जंगलातील नवे कॉटेज’ अशी जाहिरात दिसल्यास सावध व्हावे. ते कॉटेज बहुधा लगतच्या बफर क्षेत्रात किंवा गावाच्या हद्दीत असते.

ताडोबा-अंधारीसारख्या ठिकाणी खोली आणि जंगलफेरी यांचे आरक्षण स्वतंत्र असते. प्रवेशपत्र विशिष्ट प्रवेशद्वारासाठीच मिळते. मोहर्लीचे प्रवेशपत्र आणि कोलाऱ्याला खोली, अशी फारकत झाली, तर पहाटेची झोप व इंधन दोन्ही वाया जातात. यासाठी आधी फेरीचे प्रवेशपत्र घ्यावे आणि नंतर त्याच द्वाराजवळ खोली घ्यावी. ताडोब्याचे गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात तेथील पर्यटन थांबविले जाते. प्रवेशशुल्क, जिप्सी व मार्गदर्शक यांचा खर्च खोलीच्या भाड्यात धरलेला आहे की नाही, हे लेखी विचारावे.

वनातील यजमानाची पारख त्याच्या दिव्यांवरूनही होते. भंडारदरा परिसरात मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत झाडे काजव्यांनी लखलखतात. काजव्यांची ही चमक म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण असते. मोटारींचे झोत, रंगीत दिव्यांच्या माळा यांमुळे तीत व्यत्यय येतो. ज्या मुक्कामस्थळी अंगणात मंद, खाली वळविलेले दिवे असतात आणि रात्री ध्वनिवर्धक लावला जात नाही, तेथेच रान खऱ्या अर्थाने अनुभवता येते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास कायद्यानेही मनाई आहे. शेकोटीच्या बाबतीत वन हद्दीत विस्तव पेटविणे हा गुन्हा आहे. विशेषतः फेब्रुवारी ते जून या वणव्याच्या दिवसांत वाळल्या पाल्यावर पडलेली एक ठिणगीही पुरते.

तंबू, कुटी की पक्के घर?

निवाऱ्याचा प्रकार ऋतूनुसार ठरवावा. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी कापडी तंबू दुपारी भट्टीप्रमाणे तापतो. तेथे जाड भिंतीचे, कौलारू छपराचे घर आणि पाण्याचा कूलर उपयोगी पडतो. कोकणातील दमट हवेत मात्र कूलर कुचकामी ठरतो. तेथे समोरासमोर खिडक्या, उंच छप्पर आणि पंखा हवा. पत्र्याच्या छताखाली उन्हाळ्यात उकाडा आणि पावसात कानठळ्या, असा दुहेरी ताप होतो. पत्र्याखाली वाश्यांवर बांबूचे तट्टे किंवा लाकडी छत असल्यास तो कमी होतो.

डिसेंबर-जानेवारीत मेळघाट, भंडारदरा, तापोळा येथे रात्री कडाक्याची थंडी पडते. बांबूची कुटी छायाचित्रात मोहक असली, तरी तिच्या फटींतून वारा शिरतो. वृद्ध व बालके सोबत असल्यास भिंती लिंपलेल्या आहेत काय, हे पाहावे. तंबू घ्यावयाचा झाल्यास तो जमिनीपासून किमान फूटभर उंच ओट्यावर असावा, त्याच्याभोवती पाणी वाहून जाण्यासाठी चर खणलेला असावा आणि तळाचे कापड भिंतींशी अखंड शिवलेले असावे. वठलेल्या किंवा वाळक्या फांद्या असलेल्या झाडाखाली तंबू नसावा.

रात्रीची सुरक्षितता

रानातील मुक्कामात वाघ-बिबट्याची भीती सर्वांना वाटते. त्याहून जवळचा धोका साप आणि विंचू यांचा असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे राज्यातील चार प्रमुख विषारी साप. त्यांपैकी मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश झाल्याचे अनेकदा लगेच कळतही नाही. म्हणून जमिनीवरच्या गादीपेक्षा खाट बरी आणि खाटेवर चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी अधिक बरी. ती डासांपासूनही वाचवते. शौचालय खोलीला जोडलेले असावे. ते वेगळे असल्यास तेथवरची वाट फरसबंद, उजेडाची आणि गवत कापलेली असावी.

कोकणात लाल विंचवाचा दंश एके काळी जीवघेणा ठरत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला आणि मृत्यूंचे प्रमाण खूप घटले. या कार्याबद्दल त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध आहे, प्रश्न वेळेत पोहोचण्याचा आहे. सर्पदंशावरील प्रतिविष घेण्यासाठी रुग्णालय गाठावेच लागते. मेळघाटातून धारणी किंवा अचलपूर आणि कोलाडहून माणगाव किंवा रोहे येथील उपजिल्हा रुग्णालयापर्यंत जाण्यास किती वेळ लागतो, रात्री वाहन मिळते काय आणि मोबाइलला संपर्कक्षेत्र आहे काय, याची चौकशी खोलीच्या चौकशीइतकीच महत्त्वाची. रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्वसाधारण मदतीसाठी ११२ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक टिपून ठेवावेत.

आणखी एक धोका खोलीच्या आतच असतो. बंद स्नानगृहातील गॅस गिझर किंवा बंद खोलीत व तंबूत ठेवलेली कोळशाची शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साठतो. गिझर बाहेरच्या भिंतीवर असावा आणि शेगडी झोपण्यापूर्वी बाहेर ठेवावी. गरम पाण्यासाठी चुलीवरचा बंब ही जुनी सोय अनेक घरगुती निवासांत आजही दिसते. बंब अंगणात असेल, तर ती अधिक सुरक्षित आहे.

नोंदणी, भाडे व परतावा

राज्य पर्यटन विकास महामंडळ, वन विभाग, शेतकऱ्यांची कृषी पर्यटन केंद्रे आणि खासगी व्यावसायिक, असे यजमानांचे ढोबळ चार प्रकार. शासकीय निवासांचे आरक्षण त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. कृषी पर्यटनासाठी राज्याने २०२० मध्ये, तर साहसी पर्यटनासाठी २०२१ मध्ये धोरण आणले. दोन्हींत पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची तरतूद आहे. तराफा, दोरखेळ आदी उपक्रम भाड्यात देणाऱ्या यजमानाकडे नोंदणीचे प्रमाणपत्र मागण्यात संकोच करू नये. खासगी व्यक्तीच्या खात्यात संपूर्ण रक्कम आगाऊ भरण्याचा आग्रह होत असल्यास थांबावे.

भाडे खोलीमागे की माणशी, मुलांना किती सवलत, जेवण किती वेळा, याचा खुलासा आधीच व्हावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्के आहे. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे, धरणे व नदीकाठच्या पर्यटनस्थळांवर तात्पुरती बंदी घालतात. अशी बंदी आल्यास पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिणार, हे ठरवून घ्यावे. परताव्याची अट स्पष्ट असेल, तर पैसे बुडतील या धास्तीने मुसळधार पावसात घाट उतरण्याचा मोह होत नाही.

आरक्षणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. मोठ्या पुरात पाणी कोठवर आले होते आणि कुटी त्याहून किती उंचावर आहे?
२. वरच्या बाजूला धरण वा वीजकेंद्र आहे काय? पाणी सोडण्याची सूचना कशी मिळते?
३. छायाचित्र कोणत्या महिन्यातील आहे?
४. कुटीमागचा डोंगर कापलेला आहे काय? पावसाळ्यात रस्ता बंद पडल्यास दुसरी वाट कोणती?
५. शौचालय जोडलेले आहे काय? खाट व मच्छरदाणी मिळते काय?
६. जवळचे रुग्णालय किती अंतरावर आणि रात्री वाहनाची सोय काय?
७. वनक्षेत्र असल्यास साप्ताहिक सुटी व हंगामी बंदी कधी? प्रवेशपत्र कोणी काढावयाचे?
८. नोंदणी कोणाकडे आहे आणि बंदी आल्यास परतावा किती?

चांगला यजमान या प्रश्नांनी रागावत नाही. उलट नदी कोणत्या दगडापर्यंत चढते, पावसात कोणता ओढा वाट अडवितो आणि अंधारात कोणत्या बाजूला जाऊ नये, हे तो न विचारताही सांगतो. असा माणूस जेथे भेटेल, तेथे गादी थोडी कठीण असली तरी खोली घ्यावयास हरकत नाही.